सिटाडेल : हनीवाइनकाठच्या एका विद्यासंस्थेची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की पहिल्याच ओळीत स्थापनेचे साल द्यावे लागते. त्यावरूनच रौप्यमहोत्सव, अमृतमहोत्सव, शताब्दी असे हिशेब ठरतात आणि स्मरणिकेच्या जाहिराती गोळा होतात. ओल्डटाउनच्या सिटाडेलची पंचाईत इथेच होते. वेस्टरॉस खंडातल्या राजांचे जन्म, मृत्यू, लढाया आणि दुष्काळ यांची नोंद ठेवणाऱ्या या संस्थेला स्वतःचे स्थापना-वर्ष सांगता येत नाही. सगळा खंड ज्या सनावर चालतो तो एगॉनच्या विजयाचा सन रूढ केला तो सिटाडेलच्याच मेस्टरांनी, म्हणजे तिथे शिकून बाहेर पडलेल्या विद्वानांनी. संस्था त्या सनाच्या हजारो वर्षे आधीची, एवढेच खात्रीने सांगता येते.

ही संस्था जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कल्पनासृष्टीतली आहे. १९९६ साली 'अ गेम ऑफ थ्रोन्स' ही कादंबरी आली, तेव्हापासून मेस्टर मंडळी कथेत वावरतात. त्यांच्या घराचा उंबरठा मात्र वाचकाने ओलांडला तो थेट २००५ साली, 'अ फीस्ट फॉर क्रोज' या चौथ्या कादंबरीत. प्राचीन इतिहास कळला तो २०१४ साली आलेल्या 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' या ग्रंथातून. मार्टिन यांनी तो एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटन्सन यांच्यासोबत लिहिला आणि यँडेल नावाच्या एका मेस्टरच्या तोंडी घातला. म्हणजे संस्थेविषयीचा मुख्य पुरावा संस्थेच्याच एका माजी विद्यार्थ्याने दिलेला आहे. तो वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

संस्थेआधी तिचा मुलूख पाहायला हवा, कारण अन्नधान्य उरल्याशिवाय कुठलाही समाज एवढी रिकामपणी विचार करणारी माणसे पोसत नाही. रीच हा वेस्टरॉसचा सुपीक नैर्ऋत्य भाग. उत्तरेचे राज्य वगळले तर याच्याएवढा मोठा प्रदेश दुसरा नाही. खंडातली सर्वांत मोठी नदी मँडर याच प्रांतातून वाहते. गव्हाची शेते, फळबागा, द्राक्षमळे आणि या सगळ्याच्या मध्यावर टायरेल घराण्याचे हायगार्डन. पहिल्या कादंबरीत राजा रॉबर्ट विंटरफेलच्या थंडगार तळघरात उभा राहून मित्राला दक्षिणेचे वर्णन ऐकवतो. तोंडात टाकताच फुटणारी फळे, खरबुजे, पीच, उतू जाणारे बाजार आणि स्वस्त मद्य, अशी ती यादी आहे. समोर मेलेल्या पूर्वजांचे दगडी पुतळे आणि राजाच्या डोळ्यांपुढे मंडई! रीचच्या सुबत्तेचे याहून बोलके प्रशस्तिपत्र कादंबऱ्यांत शोधूनही सापडत नाही.

या सुबत्तेला राजकीय वजनही आहे. 'अ क्लॅश ऑफ किंग्ज'मध्ये हायगार्डनने रोझरोड हा राजरस्ता अडवला आणि राजधानी किंग्ज लँडिंगला धान्य मिळेनासे झाले. भाकरीसाठी दंगल झाली, माणसे मेली. पुढे टायरेलांनी राजघराण्याशी सोयरीक जुळवली, तशा धान्याच्या गाड्या शहरात शिरल्या आणि कालपर्यंत दगड मारणारे लोक जयजयकार करू लागले. तलवारीने जे साधले नाही ते गाडीभर पिठाने साधले.

रीचला समुद्रही आहे. किनाऱ्यासमोरचे आर्बर बेट द्राक्षांसाठी प्रसिद्ध. तिथल्या रेडवाइन घराण्याकडे दोनशे लढाऊ जहाजे आणि त्याच्या पाचपट व्यापारी गलबते आहेत. हनीवाइन नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओल्डटाउन वसले आहे. खंडातले हे सर्वांत जुने शहर, आणि किंग्ज लँडिंग उभे राहीपर्यंत सर्वांत मोठेही. नदीच्या मुखाशी बॅटल आयल नावाचे खडकाळ बेट, त्यावर काळ्या दगडाचा एक पुरातन कोट आणि त्या कोटावर हायटॉवर घराण्याचा दीपस्तंभ. सुरुवातीचे मनोरे लाकडी होते. पूर्ण दगडाचा पहिला मनोरा हायटॉवर घराण्यातल्या राजा उथॉरच्या काळातला, दोनशे फुटांचा. आजचा मनोरा आठशे फुटांचा आहे. उत्तरेची प्रख्यात हिमभिंत सातशे फुटांची, म्हणजे बंदरात शिरणाऱ्या खलाशाला दिसते ती वेस्टरॉसमधली सर्वांत उंच वास्तू.

याच उथॉरला दुसरा मुलगा झाला, राजपुत्र पेरेमोर. जन्मतःच एक हात वाळलेला, पाठ वाकडी. तोकड्या आयुष्यातला बहुतेक काळ बिछान्यावर गेला. बाहेरचे जग पाहता येत नव्हते, तेव्हा त्याने जगालाच खोलीत बोलावले. पंडित, शिक्षक, वैद्य, धर्मोपदेशक, गवई आणि त्यांच्या जोडीला मांत्रिक, किमयागार, चेटके असा सगळा गोतावळा त्याच्या उशापायथ्याशी जमत असे. ही माणसे आपसांत कडाकडा भांडू लागली की राजपुत्राला सर्वांत जास्त आनंद व्हायचा, असे सांगतात. तो गेला आणि या मंडळींचे काय करायचे असा प्रश्न गादीवर आलेल्या भावापुढे, राजा उरिगॉनपुढे, उभा राहिला. दरबारात त्यांना पेरेमोरची पाळीव मंडळी म्हणत. हेटाळणीच ती. उरिगॉनने त्यांना हाकलले नाही. हनीवाइनच्या काठची मोठी जमीन तोडून दिली आणि तिथेच शिका, शिकवा, शोध घ्या म्हणून सांगितले.

संस्थेची मुहूर्तमेढ ती हीच. यँडेलने ही कथा कौतुकाने सांगितली आहे. पण एक तपशील त्याच्याकडून सहज निसटतो. पहिल्या दिवशी त्या खोलीत मांत्रिकही होते आणि वैद्यही. पुढे वैद्यांची संस्था झाली आणि मांत्रिकांना दार दाखवले गेले. कधी आणि कोणत्या ठरावाने, याची नोंद यँडेल देत नाही.

आजचे आवार नदीच्या दोन्ही तीरांवर आणि मधल्या बेटांवर पसरले आहे. मनोरे, घुमट, त्यांना जोडणारे दगडी पूल. महाद्वारावर हिरवे दोन स्फिंक्स आहेत, धड सिंहाचे, पंख गरुडाचे, शेपटी सापाची. एकाचा चेहरा पुरुषाचा, दुसऱ्याचा बाईचा. त्यातला दुसरा चेहरा जरा लक्षात ठेवावा, पुढे कामास येईल. आत गेले की स्क्राइब्ज हार्थ लागते. गावातले निरक्षर लोक इथे मृत्युपत्र लिहून घ्यायला किंवा आलेले पत्र वाचून घ्यायला येतात. लेखनिक आपापल्या ठेल्यांवर गिऱ्हाइकाची वाट पाहत कंटाळलेले बसतात, शेजारी जुनी पुस्तके आणि नकाशे विकायला मांडलेले. एवढ्या मोठ्या विद्यापीठाची गावाशी रोजची गाठ पडते ती या चार ठेल्यांवर.

संस्थेची सर्वांत जुनी इमारत म्हणजे कावळ्यांच्या बेटावरचा रेव्हनरी. वीरयुगात तिथे एका चाच्याचा अड्डा होता आणि तो नदीतून जाणारी जहाजे लुटायचा, अशी दंतकथा आहे. आज तिथे डोमकावळे राहतात. भिंतींवर शेवाळ आणि वेली चढल्या आहेत, अंगणात पांढऱ्या खोडाचे पुरातन वियरवुड उभे आहे, आणि बेटावर नेणारा उचलपूल उचललेला कुणाच्या आठवणीत नाही.

इथली परीक्षापद्धत मोठी मजेशीर आहे. वर्ग नाहीत, वर्षे नाहीत, वार्षिक निकाल नाही. विद्यार्थ्याला आपण तयार आहोत असे वाटले की त्याने त्या विषयाच्या आर्चमेस्टरपुढे उभे राहायचे. उत्तीर्ण झाला तर त्या विषयाच्या धातूची एक कडी मिळते. वैद्यकाची चांदीची, हिशेबाची सोन्याची, युद्धशास्त्राची लोखंडाची, खगोलाची काशाची, इतिहासाची तांब्याची, कावळ्यांच्या विद्येची काळ्या लोखंडाची. गूढविद्येची कडी व्हॅलिरियन पोलादाची असते आणि ती शंभरात एखाद्याच्याच गळ्यात दिसते. पहिली कडी मिळेपर्यंत विद्यार्थी नवशिका. पुढे कड्या वाढत जातात, त्यांची साखळी गळ्याभोवती पुरी बसते आणि शपथ घेतली की माणूस मेस्टर होतो. मग लग्न नाही, जमीनजुमला नाही. मेस्टरची निष्ठा नेमणुकीच्या गढीशी असते. धनी बदलला तरी त्याची जागा बदलत नाही.

नापासांची कथा स्मरणिकांत सहसा येत नाही. मार्टिन यांनी मात्र सिटाडेलचे दार उघडले ते एका नापास मुलाच्या हाताने. पेट तेराव्या वर्षी आला, पाच वर्षे राहिला आणि गळा कोरा तो कोराच. एकदा खगोलात प्रयत्न केला. आर्चमेस्टर वेलिन यांना मुले व्हिनेगर का म्हणतात ते त्या दिवशी कळले. पुन्हा धीर गोळा करायला दोन वर्षे गेली. मग वैद्यकाच्या एब्रोझ यांच्यापुढे गेला. ते मृदू बोलणारे, हलक्या हाताचे गृहस्थ, पण त्यांचे उसासे वेलिनच्या टोमण्यांइतकेच लागले. तेव्हापासून तो वॉलग्रेव्ह नावाच्या वृद्ध आर्चमेस्टरची सेवा करतो, कावळ्यांना खाऊ घालतो, घाण उपसतो. वॉलग्रेव्ह यांचे भान हरपले आहे, ते पेटला निम्मा वेळ क्रेसन नावाच्या दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारतात. संध्याकाळी मुले क्विल अँड टँकर्डमध्ये जमतात. नदीतल्या बेटावरची ही सफरचंदाच्या कडक मद्याची खानावळ सहाशे वर्षांत एकदाही बंद राहिलेली नाही. मुख्य संस्थेला सालवारी नाही, खानावळीला आहे.

कारभाराचे स्वरूप ऐकून कुठल्याही संस्थेचा चिटणीस हसेल. आर्चमेस्टरांच्या सभेला कॉन्क्लेव्ह म्हणतात आणि तिच्यातला एक जण वर्षभरासाठी सेनेशल, म्हणजे कार्यवाह, होतो. निवडणूक नाही, खडे उचलायचे. ज्याच्या हाती काळा खडा येईल त्याने वर्षभर मुदपाकखान्यापासून महाद्वारापर्यंतची कटकट सांभाळायची. हे पद कुणालाच नको असते, कारण त्यात अभ्यास बुडतो. एका वर्षी काळा खडा निघाला तो नेमका भान हरपलेल्या वॉलग्रेव्ह यांच्या हाती. तेव्हा थिओबाल्ड उठले आणि त्यांचे वर्ष मी भरतो म्हणाले. विद्वानांनी सत्तेपासून दूर पळावे आणि सत्ता चिठ्ठीने वाटावी, ही तऱ्हा ऐकायला उदात्त वाटते. प्रत्यक्षात तिचा परिणाम दारावर दिसतो. हिमभिंतीवरून समुद्र ओलांडून तिथला पहारेकरी सॅमवेल टार्ली तातडीचा निरोप घेऊन येतो, तर दारावरचा लॉर्कस त्याला बाकावर बसायला सांगतो. बोलावतील म्हणे. मागून आलेले आत जातात, सॅम बसून राहतो. जग बुडायला आले आहे हा निरोप असला म्हणून काय झाले, नंबर लागल्याशिवाय तो घेणार कोण!

गुणवत्ता जन्मापेक्षा मोठी, हे संस्थेचे ब्रीद. ग्रँड मेस्टरचे, म्हणजे राजदरबारातल्या मेस्टरचे, पद रिकामे झाल्याचा प्रसंग 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स'मध्ये राजाचा प्रधान टायविन लॅनिस्टर याच्या तोंडून येतो. कॉन्क्लेव्हने आधी एका चांभाराच्या मुलाचे नाव विचारात घेतले, मग एका भटक्या शिलेदाराच्या अनौरस मुलाचे. ब्रीद पाळल्याचे समाधान झाले आणि मग पाठवायला निघाले ते हायगार्डनच्या टायरेल घराण्यातल्या गॉर्मनला. टायविन हे कुत्सितपणे सांगतो, आणि तो काही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. तरीही ज्या मुलखाच्या धान्यावर संस्था उभी त्याच मुलखाच्या धन्याचा नातलग शेवटी कसा निवडला गेला, हा प्रश्न उरतोच.

रीचच्या सरदारांचा संस्थेशी व्यवहार दुतोंडी आहे. मेस्टर गढीत हवा, मुलगा मेस्टर व्हायला नको. हॉर्न हिलचे रँडिल टार्ली हे रीचमधलेच. त्यांच्या थोरल्याला, याच सॅमला, लहानपणी सिटाडेलला जायचे होते. तुला साखळी घालायची आहे ना, असे म्हणून बापाने त्याला हातापायांत आणि गळ्यात बेड्या घालून तीन दिवस, तीन रात्री भिंतीशी जखडून ठेवले.

मुलींना प्रवेश नाही. महाद्वारावरच्या बाईच्या चेहऱ्याला तेवढी जागा आहे. डॉर्नच्या ओबेरिन मार्टेलने इथे सहा कड्या मिळवल्या आणि कंटाळून निघून गेला. आता कथेत अलेरस नावाचा एक हुशार, सडपातळ, डॉर्नी वळणाचा विद्यार्थी दिसतो. सोबती त्याला स्फिंक्सच म्हणतात. तो म्हणजे ओबेरिनची मुलगी सारेला असावी, असा वाचकांचा जुना तर्क आहे आणि त्याला आधारही भक्कम आहेत.

माजी विद्यार्थ्यांत सर्वांत आदराने नाव घ्यावे ते एमॉन टारगॅरियन यांचे. राजवंशात मुले फार झाली म्हणून नऊ-दहाव्या वर्षी त्यांना इथे पाठवले. पुढे राजमुकुट देऊ केला गेला तर त्यांनी तो धाकट्या भावाला देऊ दिला आणि आपण हिमभिंतीवर निघून गेले. तिथे त्यांची दृष्टी गेली. १०२ वर्षांचे होऊन ओल्डटाउनच्या वाटेवर, जहाजातच ते वारले. दुसऱ्या टोकाला कायबर्न. जिवंत माणसांवर चिरफाडीचे प्रयोग केले म्हणून संस्थेने त्याची साखळी काढून घेतली. तो आज राजदरबारात मानाने बसतो.

संस्थेने मुलखाला काय दिले, या प्रश्नाचे ठोस उत्तर म्हणजे पांढरे कावळे. वेस्टरॉसमध्ये ऋतू वर्षानुवर्षे चालतात. उन्हाळा केव्हा संपणार ते कळले नाही तर शेतकरी पेरणीत धान्य घालवून बसेल आणि हिवाळ्यात उपाशी मरेल. ऋतू पालटला असा निर्णय कॉन्क्लेव्ह घेते आणि गढ्यागढ्यांत पांढरा कावळा पाठवते. 'अ क्लॅश ऑफ किंग्ज'च्या आरंभी असाच एक ड्रॅगनस्टोनच्या किल्ल्यावर येतो. दहा वर्षे चाललेला उन्हाळा संपला, एवढा त्याचा निरोप. राजांच्या भांडणाच्या गदारोळात त्याच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. पण कोठारात किती पोती ठेवायची आणि किती विकायची हे त्या पक्ष्यावर ठरायला हवे होते.

इतिहासलेखनात मात्र हीच संस्था शेतकऱ्याला विसरते. २०१८ सालचा 'फायर अँड ब्लड' हा ग्रंथ आर्चमेस्टर गिल्डेनचा म्हणून लिहिलेला आहे. त्यात आणि यँडेलच्या ग्रंथात आगीच्या मैदानाची लढाई आहे. रीचचा राजा मर्न गार्डनर आपल्या फौजेसह खंड जिंकायला आलेल्या एगॉनसमोर उभा ठाकला तेव्हा शेतात गहू कापणीला आला होता. कोरडे, सपाट रान. तीन ड्रॅगन उडाले आणि पिकासकट सैन्य पेटले. सुमारे चार हजार माणसे जळून मेली, गार्डनर वंश संपला. हायगार्डनचे कारभारी हार्लन टायरेल यांनी किल्ल्या एगॉनच्या स्वाधीन केल्या आणि कारभाऱ्याचे घराणे धनी झाले. मृतांचा आकडा आहे, राजाचे नाव आहे, कारभाऱ्याचे बक्षीस आहे. तो गहू कुणाचा होता, त्या हिवाळ्यात त्याने काय खाल्ले, हे तांब्याच्या कडीच्या एकाही मानकऱ्याने विचारले नाही. त्यानंतर एगॉन ओल्डटाउनला आला, हायटॉवरांनी वेशी उघडल्या, स्टारी सेप्ट या मंदिरात अभिषेक झाला आणि सन सुरू झाला.

बंदराने संपत्ती आणली तशी रोगराईही आणली. ग्रे प्लेगच्या साथीत लॉर्ड क्वेंटन हायटॉवर यांनी बंदरातले प्रत्येक जहाज जाळले, वेशी लावल्या आणि बाहेर पडू पाहणाऱ्याला, मग ते तान्हे मूल का असेना, ठार करण्याचा हुकूम दिला. साथ शहराबाहेर गेली नाही. बंदर पुन्हा उघडले त्याच दिवशी लोकांनी त्यांना घोड्यावरून खेचून गळा चिरला, त्यांच्या लहान मुलाचाही. ग्रँड मेस्टर पायसेल ही हकीकत क्वेंटनच्या बाजूने सांगतो. सिटाडेलमध्ये शिकलेल्या माणसाने ती तशीच सांगावी, हे अपेक्षितच आहे.

संस्थेवरचे आक्षेप टाळून चालणार नाही. उत्तरेतल्या बार्ब्रे डस्टिन मेस्टरांना राखाडी उंदीर म्हणतात. आमची पत्रे हेच वाचतात, उत्तरे हेच लिहितात, आमचे आजार हेच पाहतात, मग राज्य कुणाचे, असा त्यांचा सवाल. त्याहून गंभीर आरोप घरातूनच आला. गूढविद्येचे आर्चमेस्टर मार्विन आठ वर्षे पूर्वेकडे फिरून आलेले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मागचे ड्रॅगन वीरांच्या तलवारींनी मेले नाहीत, त्यांच्या अंतामागे सिटाडेल होते. संस्था जे जग रचते आहे त्यात जादूला जागाच नाही. मेस्टर होण्याच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला अंधाऱ्या तळघरात काचेची मेणबत्ती देऊन बसवतात, ती पेटत नाही, आणि विद्येलाही मर्यादा आहेत एवढे शिकून तो सकाळी बाहेर येतो. मार्विनच्या खोलीत तशीच एक मेणबत्ती पेटली आहे.

छोट्या पडद्यावर हे आवार २०१६ आणि २०१७ साली दिसले. स्पेनमधल्या जिरोना शहरात काही चित्रीकरण झाले आणि एब्रोझची भूमिका जिम ब्रॉडबेंट यांनी केली. पडद्यावरचे ग्रंथालय भव्य आहे, पण मद्याची खानावळ आणि नापास पेट गाळल्यामुळे संस्था जरा जास्तच गंभीर वाटते.

कादंबऱ्यांत आजची स्थिती अशी. रेडवाइनांचे आरमार ड्रॅगनस्टोनला गुंतले असताना लोहद्वीपांच्या चाच्यांनी रीचच्या किनाऱ्यावर हल्ले सुरू केले. शील्ड बेटे पडली, आर्बरला धोका आहे. लॉर्ड लेटन हायटॉवर दहाहून अधिक वर्षे मनोऱ्यावरून खाली उतरलेले नाहीत. मार्विन सिनॅमन विंड या जहाजाने ड्रॅगनांच्या राणीकडे निघाले आहेत. जाताना त्यांनी सॅमला बजावले, थांब, साखळी लवकर पुरी कर, आणि जादूबद्दल इथे कुणाशी बोलू नकोस. सॅम आता सिटाडेलमध्ये आहे. त्याच्या ओळखीच्या पहिल्या काही जणांत फिकट चेहऱ्याचा एक मुलगा आहे, नाव पेट. पण पेटने एका सोन्याच्या नाण्यासाठी वॉलग्रेव्ह यांची, सिटाडेलमधले हरेक कुलूप उघडणारी लोखंडी किल्ली एका अनोळखी माणसाला विकली होती, आणि त्याच पहाटे तो गल्लीतल्या दगडांवर पडून मेला होता.